रीबे आम्ट आणि त्यातील कोमुनी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीबे आम्ट म्हणजे नेमके काय, आणि तो कोठे होता?

डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, उत्तर समुद्राला लागून असलेल्या प्रशासकीय विभागाचे हे नाव. अलीकडच्या लिखाणात रीबे आम्टाचा उल्लेख येतो तेव्हा बहुतेक वेळा १ एप्रिल १९७० ते ३१ डिसेंबर २००६ या काळातला आम्ट अभिप्रेत असतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,१३० चौरस किलोमीटर होते, अखेरच्या काळातली लोकसंख्या सुमारे २ लाख २४ हजार होती, आणि त्यात १४ कोमुनी, म्हणजे स्थानिक कारभाराचे घटक, होत्या. मुख्यालय रीबे या गावी होते. आज हा आम्ट अस्तित्वात नाही. त्याचा सगळा भूभाग दक्षिण डेन्मार्क प्रदेशात, म्हणजे ज्याला डॅनिशमध्ये 'रेगिओन सिडडॅनमार्क' म्हणतात त्यात, समाविष्ट झालेला आहे.

'आम्ट' याचे मराठी भाषांतर 'जिल्हा' असे करावे का?

कामचलाऊ अर्थ सांगायचा असेल तर करावे, पण त्यावर विसंबू नये. आपल्याकडे जिल्हा म्हटले की जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद अशा दोन वेगळ्या व्यवस्था डोळ्यांसमोर येतात. डेन्मार्कमध्ये १९७० पर्यंत या दोन्हींची सरमिसळ होती. राजाने नेमलेला 'आम्टमन' हा अधिकारीच निवडून आलेल्या आम्ट परिषदेचा पदसिद्ध अध्यक्ष असे. १९७० नंतर परिषदेने आपल्यातूनच निवडलेला 'आम्टबोर्गमेस्टर' अध्यक्षस्थानी आला आणि नियुक्त आम्टमन बाजूला झाला. शिवाय १९७० नंतरच्या आम्टाला रहिवाशांच्या उत्पन्नावर स्वतःचा कर बसवण्याचा अधिकार होता, जो आपल्या कोणत्याही जिल्हा परिषदेला नाही. म्हणून या लेखात मूळ शब्दच ठेवला आहे. त्याचे मराठी वळणाने अनेकवचन केले तर ते आडनावासारखे ऐकू येईल, म्हणून एकवचन आणि अनेकवचन दोन्ही 'आम्ट' असेच लिहिले आहे.

आणि 'कोमून' म्हणजे नगरपालिका का?

नाही, आणि डेन्मार्कविषयीच्या मराठी मजकुरात सर्वांत जास्त गोंधळ याच शब्दाने होतो. नगरपालिका म्हटले की शहराची हद्द आणि हद्दीबाहेर ग्रामपंचायती, असे चित्र आपोआप उभे राहते. १९७० नंतरच्या डेन्मार्कमध्ये असा भेद उरलेला नाही. शहर, खेडी, शेते, जंगल, वाळूच्या टेकड्या असे सगळे मिळून एक कोमून होते, आणि बहुतेक सगळी जमीन कोणत्या ना कोणत्या कोमुनीत मोडते. त्यामुळे 'एस्ब्येर्ग कोमून' आणि 'एस्ब्येर्ग शहर' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहराची वस्ती सुमारे ७२ हजार आहे, तर कोमुनीची सुमारे १ लाख १५ हजार. आकडे देताना यातले कोणते दिले आहे हे न सांगितल्यामुळे अनेक लेख एकमेकांशी जुळत नाहीत.

रीबे आम्ट किती जुना आहे?

या प्रश्नाचे उत्तर एका वर्षात देता येत नाही, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या गोष्टी होत्या. १६६२ मध्ये डॅनिश राजाने सरदारांच्या ताब्यातील 'लेन' नावाचे जुने विभाग मोडून आम्ट स्थापन केले. १७९३ च्या फेररचनेत लहान लहान आम्ट एकत्र करून मोठे करण्यात आले आणि त्यातून जो रीबे आम्ट निघाला तो थोड्याफार फरकाने १९७० पर्यंत चालला. त्याखाली 'हेरेड' नावाचे आठ उपविभाग होते : रीबे, गोर्डिंग, माल्ट, स्कास्ट, स्लाउस, अन्स्ट, पूर्व होर्ने आणि पश्चिम होर्ने. व्यापारी हक्क असलेली जुनी शहरे मात्र या काळात आम्ट परिषदेच्या अधिकाराबाहेर होती. म्हणजे आम्टाला ज्या शहराचे नाव होते ते रीबे शहरच आम्ट परिषदेच्या अखत्यारीत नव्हते.

१९७० च्या सुधारणेने हे सगळे बदलले. शहर आणि ग्रामीण भाग यांतला भेद गेला, देशभरातील हजाराहून अधिक कोमुनींच्या सुमारे २७५ झाल्या, आणि आम्टांची संख्या १४ वर आली. रीबे आम्टाच्या सीमाही हलल्या. पूर्वेकडील अन्स्ट हेरेडचा मोठा भाग शेजारच्या वायले आम्टात गेला, तर दक्षिणेकडची काही गावे रीबेला मिळाली. त्यामुळे १९६० सालचा 'रीबे आम्ट' आणि १९८० सालचा 'रीबे आम्ट' यांची लोकसंख्या थेट शेजारी मांडून वाढ किंवा घट काढणे चुकीचे ठरते.

१९७० ते २००६ या काळातल्या १४ कोमुनी कोणत्या?

बिलुंड, ब्लोब्येर्ग, ब्लोवान्सहुक, ब्रामिंग, ब्रोरुप, एस्ब्येर्ग, फानो, ग्रिन्स्टेड, हेले, होल्स्टेड, रीबे, वार्दे, वायेन आणि ओल्गोड. यांतली एस्ब्येर्ग सर्वांत मोठी आणि फानो सर्वांत लहान. ब्लोवान्सहुक हे नाव ज्या भूशिरावरून आले ते डेन्मार्कच्या मुख्य भूमीचे पश्चिमेकडचे शेवटचे टोक आहे. तिथे दीपगृह आहे, आणि त्याच्या समोरच्या समुद्रात २००२ मध्ये ८० पवनचक्क्यांचे, १६० मेगावॉट क्षमतेचे 'होर्न्स रेव' हे वीजकेंद्र उभे राहिले.

एस्ब्येर्ग इतके मोठे असताना मुख्यालय रीबेला का होते?

वय पाहिले की उत्तर मिळते. रीबे हे डेन्मार्कमधील सर्वांत जुने शहर मानले जाते. आठव्या शतकाच्या सुरुवातीला, साधारण ७१० च्या सुमारास, तिथे नदीकाठी बाजारपेठ वसली. नवव्या शतकात धर्मोपदेशक आन्सगार याला तिथे चर्च बांधण्याची परवानगी मिळाली, आणि ९४८ पासून तिथे बिशप आहे. मध्ययुगात पश्चिम युरोपशी होणारा व्यापार रीबेमार्गे चाले. समुद्राने मात्र या गावाला कधी विसरू दिले नाही की ते सखल दलदलीत बसले आहे. ऑक्टोबर १६३४ च्या महापुरात पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा सहा मीटरहून अधिक चढले आणि कॅथीड्रलमध्ये शिरले. जुन्या धक्क्यावर आज एक लाकडी खांब उभा आहे, त्याला वेगवेगळ्या वर्षांच्या पुरांच्या खुणा म्हणून कडी बसवलेली आहेत, आणि १६३४ चे कडे इतके वर आहे की ते पाहायला मान मागे टाकावी लागते.

एस्ब्येर्ग याच्या अगदी उलट. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग हा दक्षिणेकडचा प्रांत गमावला आणि त्याबरोबर पश्चिम किनाऱ्यावरची सोयीची बंदरेही गेली. इंग्लंडला शेतमाल पाठवण्यासाठी नवे बंदर हवे होते, म्हणून १८६८ मध्ये कायदा करून एस्ब्येर्गचे बंदर बांधायचे ठरले. त्या वेळी तिथे जेमतेम काही घरे होती. १८७४ मध्ये रेल्वे आली, १८९९ मध्ये शहराचे हक्क मिळाले, आणि विसाव्या शतकात ते देशातील पाचव्या क्रमांकाचे शहर झाले : आधी लोणी आणि डुकराचे मांस, मग मासेमारी, मग उत्तर समुद्रातील तेल, आणि आता पवनऊर्जेची यंत्रसामग्री. म्हणजे २००६ पर्यंत सुमारे ७० हजार वस्तीच्या शहराचा दवाखाना, शाळा आणि रस्ते यांचे निर्णय आठ हजार वस्तीच्या गावात होत होते. हे विचित्र वाटते, पण वाईट होते असे मला वाटत नाही. त्यामुळे निदान एक तरी सत्ताकेंद्र बंदरापासून दूर राहिले होते.

आम्ट नेमकी कोणती कामे करत असे, आणि पैसा कोठून येत असे?

सर्वांत मोठे काम रुग्णालयांचे, आणि अंदाजपत्रकातला सर्वांत मोठा वाटाही त्याचाच. त्याखालोखाल कौटुंबिक डॉक्टरांना द्यावयाचे शुल्क, उच्च माध्यमिक शाळा म्हणजे 'गिम्नॅसियम', अपंग व्यक्तींसाठीच्या विशेष संस्था, आम्टाचे रस्ते, बसवाहतूक, निसर्गसंरक्षण, भूजल, आणि प्रदूषित जमिनींची नोंद व सफाई. प्राथमिक शाळा, पाळणाघरे, वृद्धांची काळजी आणि सामाजिक मदत ही कामे कोमुनींकडे होती. परिषद साधारणपणे दर चार वर्षांनी, कोमुनीच्या निवडणुकीबरोबरच, निवडली जाई. पैसा मुख्यतः उत्पन्नावरील 'आम्टकरा'तून येई. कर-आकारणीच्या पत्रकावर कोमुनीचा कर आणि आम्टाचा कर असे दोन वेगळे दर दिसत, त्यामुळे रुग्णालयासाठी आपण किती भरतो हे माणसाला कळत असे.

मग आम्ट रद्द का झाले?

ऑक्टोबर २००२ मध्ये सरकारने रचना आयोग नेमला आणि त्याचा अहवाल जानेवारी २००४ मध्ये आला. आयोगाचे म्हणणे थोडक्यात असे की, अनेक कोमुनी त्यांच्यावरील कामांच्या मानाने फार लहान आहेत, आम्टांची रुग्णालये चालवण्यासाठीची व्याप्ती अपुरी आहे, आणि एकच काम दोन पातळ्यांवर विभागल्यामुळे जबाबदारी कोणाची हे ठरत नाही. त्या वेळी आंदर्स फोग रासमुसेन पंतप्रधान होते आणि गृह व आरोग्य खाते लार्स लोके रासमुसेन यांच्याकडे होते. दोघांचे आडनाव एकच, पण नाते नाही. डेन्मार्कमध्ये हा योगायोग नेहमीचा आहे. जून २००४ मध्ये राजकीय तडजोड झाली, नोव्हेंबर २००५ मध्ये नव्या परिषदांची निवडणूक झाली, २००६ हे वर्ष जुळवाजुळवीचे गेले, आणि १ जानेवारी २००७ पासून देशात ९८ कोमुनी आणि पाच प्रदेश अशी रचना सुरू झाली. एका कोमुनीत किमान २० हजार रहिवासी असावेत, अशी अट होती.

नव्या प्रदेशांना कर बसवण्याचा अधिकार दिला गेला नाही, ही या सुधारणेतील खरी कळीची बाब आहे. ते केंद्राच्या अनुदानावर आणि कोमुनींच्या वाट्यावर चालतात. त्यामुळे प्रदेश हा आम्टाचा वारस आहे असे म्हणणे अर्धवट खरे आहे. आम्टाची कामे तीन ठिकाणी वाटली गेली : रुग्णालये प्रदेशाकडे गेली, गिम्नॅसियम केंद्राच्या अनुदानावरील स्वायत्त संस्था झाल्या, आणि बहुतेक रस्ते व निसर्गसंरक्षणाची कामे कोमुनींकडे, तर मोठे रस्ते केंद्राकडे गेले. करवसुलीचा वारसा मात्र कोणालाच मिळाला नाही.

१४ कोमुनींचे पुढे काय झाले?

त्यांच्या पाच झाल्या.

एस्ब्येर्ग, ब्रामिंग आणि रीबे मिळून नवी एस्ब्येर्ग कोमून झाली. हेले कोमुनीतील ग्रिमस्ट्रुप हे एकच पॅरिश, वसईकडे ज्याला धर्मग्राम म्हणतात, तेवढे वेगळे होऊन तिला जोडले गेले. वार्दे, ब्लोब्येर्ग, ब्लोवान्सहुक, ओल्गोड आणि उरलेली हेले यांची वार्दे कोमून झाली. ती क्षेत्रफळाने १,२०० चौरस किलोमीटरहून मोठी आहे, पण वस्ती फक्त ५० हजारांच्या आसपास. बिलुंड आणि ग्रिन्स्टेड एकत्र आल्या. ग्रिन्स्टेड गाव बिलुंडपेक्षा मोठे असूनही नाव बिलुंडचेच राहिले, आणि ते लेगो खेळण्यांचे गाव असल्यामुळे याचे कारण कोणाला विचारावे लागत नाही. फानो एकटी राहिली.

वायेनची गोष्ट वेगळी आहे आणि ती थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. वायेन, ब्रोरुप आणि होल्स्टेड या रीबे आम्टातल्या, तर चौथी रोडिंग ही दक्षिण जटलंड आम्टातली. या दोहोंच्या मधून काँग-ओ नावाची छोटी नदी वाहते, आणि १८६४ ते १९२० या काळात या भागात डेन्मार्क व जर्मनी यांची सीमा साधारणपणे तिच्या काठाने होती. रोडिंगला १८४४ मध्ये डेन्मार्कमधले पहिले लोकविद्यालय, 'फोल्केहोयस्कोले', सुरू झाले होते. गाव जर्मन अमलाखाली गेल्यावर शिक्षक नदी ओलांडून उत्तरेला आले आणि १८६५ मध्ये वायेनजवळ आस्कोव येथे त्यांनी विद्यालय पुन्हा उभे केले. पुढे १९२० मध्ये सीमा दक्षिणेला सरकली, तरी आस्कोव आणि रोडिंग २००६ पर्यंत दोन वेगळ्या आम्टांत राहिले. २००७ मध्ये प्रथमच ते एका कोमुनीत आले. एरवी आकड्यांचा हिशेब वाटणाऱ्या या सुधारणेने इथे एक जुनी सीमा गुपचूप पुसून टाकली.

फानोला २० हजारांची अट कशी लागू झाली नाही?

फानो हे सुमारे ५६ चौरस किलोमीटरचे बेट आहे आणि तिथे साडेतीन हजारांच्या आतबाहेर लोक राहतात. काही बेटांना कायद्याने सवलत दिली : शेजारच्या मोठ्या कोमुनीशी बंधनकारक सहकार्य करार करायचा आणि स्वतंत्र राहायचे. फानोने एस्ब्येर्गशी असा करार केला. ज्या कामांना मोठे मनुष्यबळ आणि विशेष ज्ञान लागते ती एस्ब्येर्गचे कर्मचारी करतात, पण परिषद, महापौर आणि कराचा दर फानोचा स्वतःचा. एस्ब्येर्गहून नोर्डबीला बोट बारा मिनिटांत पोहोचते, म्हणून 'मग वेगळे राहण्याचा हट्ट कशाला' असे बाहेरच्याला वाटते. बेटावर मात्र या हट्टाला जुना आधार आहे. १७४१ मध्ये राजाने बेट लिलावात काढले तेव्हा रहिवाशांनी वर्गणी काढून ते स्वतःच विकत घेतले, त्यातून जहाज बांधण्याचे व चालवण्याचे हक्क मिळवले, आणि एकोणिसाव्या शतकात कोपनहेगनखालोखालचा शिडांच्या जहाजांचा ताफा उभा केला. ज्यांच्या पूर्वजांनी गाव विकत घेतले आहे, त्यांनी ते विलीनीकरणात देऊन टाकावे ही अपेक्षाच चुकीची होती.

रीबे गावाला या बदलाचा काय फटका बसला?

ते एकाच दिवशी आम्टाचे मुख्यालय राहिले नाही आणि कोमुनीचेही राहिले नाही. बाजारचौकातली जुनी टाउन हॉलची इमारत १४९६ मध्ये बांधलेली, १७०९ मध्ये शहराने ती विकत घेतली, आणि २००६ च्या अखेरपर्यंत नगरकारभाराशी तिचे नाते होते. छपरावर करकोच्यांसाठीचे घरटे आहे. आज पर्यटक तिचे फोटो काढतात, पण निर्णय एस्ब्येर्गला होतात. बिशपचे स्थान मात्र रीबेलाच आहे, कारण चर्चचे प्रांत या सुधारणेत आलेच नाहीत. म्हणून 'रीबे स्टिफ्ट' असे कोठे वाचले तर तो आम्ट समजू नये. तो धर्मप्रांत आहे, त्याच्या सीमा निराळ्या आहेत आणि तो आजही चालू आहे.

आम्ट गेल्यावर त्याच्या जुन्या जबाबदाऱ्यांना वाली कोण?

याचे सर्वांत कडू उदाहरण केअरगोर येथील वाळूच्या टेकड्यांत आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९७३ पर्यंत ग्रिन्स्टेड येथील औषध व रसायनांच्या कारखान्याचे सांडपाणी टँकरने किनाऱ्यावर आणून टेकड्यांमध्ये खणलेल्या खड्ड्यांत ओतले जात असे, आणि तेही अधिकृत परवानगीने. पारा, सल्फाची औषधे, क्लोरीनयुक्त द्रावणे असे सगळे वाळूत मुरले आणि भूजलाबरोबर समुद्राकडे सरकू लागले. किनाऱ्याच्या एका पट्ट्यात पोहण्यास मनाई करावी लागली. प्रदूषित जमिनींचे काम आम्टाकडे होते. २००७ मध्ये ते प्रदेशाकडे आले, आणि सफाईचा खर्च प्रदेश व केंद्र यांच्यात वाटून घ्यावा लागला. परवानगी देताना असलेली व्यवस्था, तपासणी करणारी व्यवस्था आणि बिल भरणारी व्यवस्था या तिन्ही वेगळ्या निघाल्या.

बिलुंडचे विमानतळ आणि लेगो हे रीबे आम्टातच येत होते ना?

होय. ओले किर्क क्रिस्टियनसेन यांनी १९३२ मध्ये तिथे लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली, विमानतळ १९६४ मध्ये सुरू झाले आणि लेगोलँड १९६८ मध्ये. बिलुंड हे वायले आम्टाच्या सीमेजवळ असल्यामुळे बऱ्याच लिखाणात ते वायलेमध्ये टाकलेले दिसते. ते चूक आहे.

आज पत्ता लिहिताना किंवा अर्ज भरताना 'रीबे आम्ट' लिहावे का?

नाही. डॅनिश पत्त्यात आम्ट लिहिण्याची पद्धत नव्हती आणि आता प्रश्नच नाही. रस्ता, घरक्रमांक, चार आकडी पिन आणि टपाल गाव एवढे पुरते : एस्ब्येर्ग ६७००, रीबे ६७६०, फानो ६७२०, वार्दे ६८००, वायेन ६६००, बिलुंड ७१९०, ग्रिन्स्टेड ७२००. अर्जात राज्य किंवा जिल्हा असा रकाना सक्तीचा असेल तर तिथे 'सिडडॅनमार्क' लिहावे. नोकरीसाठी तिकडे जाणाऱ्यांना लागणारी नोंदणी, ओळख क्रमांक आणि पिवळे आरोग्यकार्ड ही कामे कोमुनीच्या नागरिक सेवा कक्षातून होतात, प्रदेशाच्या कार्यालयातून नाही. प्रदेशाचे मुख्यालय वायले येथे आहे. हे गाव आणि वर आलेले वायेन यांत नावाच्या साधर्म्यामुळे गल्लत होते, ती टाळावी.

भारतीय नागरिकाला तिथे मत देता येते का?

संसदेसाठी नाही. परंतु कोमुनीच्या आणि प्रदेशाच्या निवडणुकीत, १८ वर्षे पूर्ण झालेल्या आणि सलग चार वर्षे डेन्मार्कमध्ये कायम वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकाला मत देता येते. मतदानाचे कार्ड घरी येते आणि बरेच जण ते चुकून आले असे समजून बाजूला ठेवतात.

जुन्या नोंदी शोधताना काय लक्षात ठेवावे?

कागदावरचे वर्ष आधी पाहावे. १९७० पूर्वीच्या नोंदी पॅरिश, हेरेड आणि आम्ट या क्रमाने लावलेल्या असतात, १९७० ते २००६ च्या कोमून आणि आम्ट अशा, आणि त्यानंतरच्या कोमून आणि प्रदेश अशा. पॅरिशचे नाव सहसा बदलत नाही, म्हणून शोध तिथून सुरू करणे सोयीचे. रीबेच्या दक्षिणेकडील गावांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. १८६४ ते १९२० मधली त्यांची कागदपत्रे प्रशियाच्या कारभारातली, जर्मन भाषेत असू शकतात. रीबे परिसर डेन्मार्कमध्ये राहावा म्हणून १८६४ च्या तहात जमिनींची अदलाबदल झाली होती, त्यामुळे शेजारच्या दोन गावांपैकी एकाची नोंद डॅनिशमध्ये आणि दुसऱ्याची जर्मनमध्ये सापडणे अगदी शक्य आहे.

२०२७ च्या बदलात हा भाग पुन्हा हलणार आहे का?

नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरलेल्या आरोग्य सुधारणेनुसार १ जानेवारी २०२७ पासून राजधानी प्रदेश आणि शीलंड प्रदेश एकत्र होऊन देशात चार प्रदेश राहतील. दक्षिण डेन्मार्क प्रदेशाच्या सीमा तशाच राहतील.